किडनीवर गाठ दिसली, म्हणून लगेच एमआरआय?

मुतखडा आहे का ते बघायला सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत भलतेच काहीतरी निघते. डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ, एमआरआय करून खात्री करावी. त्या रात्री घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. कुणी म्हणते कॅन्सर, कुणी म्हणते किडनी गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा एमआरआयचे दर विचारत फिरतो आणि तिसऱ्या दिवशी बचत गटातून उचल घ्यायची की दागिना गहाण टाकायचा, याची चर्चा सुरू होते.

नर्स म्हणून वॉर्डात आणि आता वस्तीत काम करताना ही धावपळ मी अनेक घरांत पाहिली आहे. म्हणून या पानावर स्पष्ट लिहिते. एमआरआय ही चांगली तपासणी आहे, पण अ‍ॅड्रिनलच्या प्रत्येक गाठीला ती लागत नाही. जिथे लागते तिथेही ती अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर देते. गाठ कशाची बनली आहे ते चित्र सांगते. ती अंगात काय करते आहे ते रक्त आणि लघवी सांगते. आपल्याकडे मात्र चित्रासाठी कर्ज काढले जाते आणि रक्ताची तपासणी राहून जाते.

ही ग्रंथी आहे कुठे?

रिपोर्टमध्ये अ‍ॅड्रिनल किंवा सुप्रारीनल असे लिहिलेले असते. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ती किडनीचा भाग नाही, त्यामुळे तिच्यात गाठ निघाली म्हणजे किडनी खराब झाली असे समजू नका.

एवढीशी ग्रंथी, पण काम मोठे. तिच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स निघतात. कॉर्टिसोल आजारपणात आणि ताणात शरीराला तग धरायला लावते. अल्डोस्टेरॉन अंगातले मीठ आणि पोटॅशियम सांभाळते, म्हणजेच बीपी सांभाळते. आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन निघते. आपण दचकलो की छातीत धडधडते ते त्याच्यामुळे.

पोटाचा सीटी स्कॅन झालेल्या मोठ्या माणसांत शंभरातल्या तीन ते पाच जणांना अशी गाठ सापडते. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, त्यांना अ‍ॅडिनोमा म्हणतात. अ‍ॅड्रिनलचा स्वतःचा कॅन्सर फार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला एक-दोघांना होतो. ज्यांना फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा दुसरा कॅन्सर आधी झालेला आहे त्यांची गोष्ट वेगळी. तो कॅन्सर या ग्रंथीत पसरू शकतो, म्हणून त्यांच्या गाठीकडे डॉक्टर जास्त बारकाईने बघतात. जुना आजार लपवू नका.

आधी सीटीचा आकडा विचारा

गाठीबद्दल दोन प्रश्न असतात. ती कॅन्सरची आहे का? आणि ती जास्तीचे हार्मोन सोडते का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोघांची उत्तरे वेगळ्या तपासण्यांतून मिळतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा तुमच्या हातातल्या सीटी स्कॅनमध्येच असते. सीटीमध्ये प्रत्येक भागाची घनता मोजता येते. तिला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात, रिपोर्टमध्ये थोडक्यात एचयू. पाण्याची घनता शून्य धरली आहे आणि चरबीची शून्याच्या बरीच खाली असते. साध्या अ‍ॅडिनोमाच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब साठलेले असतात, कारण ही हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि तो कच्चा माल पेशी साठवून ठेवते. त्यामुळे अशा गाठीचा आकडा कमी येतो.

शिरेत औषध न देता काढलेल्या साध्या सीटीमध्ये गाठ सगळीकडे एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती साधी गाठ समजली जाते. युरोपातल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली अशा गाठींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ साली त्या सुधारल्या. अशा गाठीला पुढे आणखी स्कॅनची गरज नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे एमआरआय नको, आणि दर सहा महिन्यांनी सीटीही नको.

आकडा ११ ते २० मध्ये असेल, गाठ एकसारखी आणि ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर दुसऱ्या प्रकारचा स्कॅन लगेच करावा किंवा वर्षभराने पुन्हा बघावे, असा सल्ला असतो. आकडा २० च्या वर असेल, गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा तिच्यात गडद-फिके ठिपके दिसत असतील, तर रेडिओलॉजिस्ट, हार्मोनतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. असा रिपोर्ट घेऊन घरी बसू नका.

अडचण अशी की अनेक रिपोर्टमध्ये हा आकडा लिहिलेलाच नसतो. नुसते "गाठ आहे, एमआरआय करावा" असे असते. स्कॅन संगणकात साठवलेला असतो, त्यामुळे आकडा नंतरही मोजता येतो. त्याच सेंटरवर जाऊन, "डॉक्टर, साध्या सीटीतला या गाठीचा एचयू किती आहे, तेवढे रिपोर्टवर लिहून द्या," असे म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी नवीन स्कॅन लागत नाही. मात्र सगळा स्कॅन औषध देऊनच काढला असेल तर हा आकडा धरता येत नाही. मग साधा सीटी पुन्हा काढावा लागतो. तोही एमआरआयपेक्षा स्वस्त पडतो.

एमआरआय नेमके काय बघतो

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. मोठ्या चुंबकात झोपवून शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून संकेत घेतात. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या गतीने फिरतात. यंत्र दोन फोटो काढते. एकात दोघांचे संकेत एका दिशेला असतात, दुसऱ्यात एकमेकांच्या विरुद्ध. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात या दोन फोटोंमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दुप्पट एवढेच अंतर असते.

हातगाडीचे उदाहरण घ्या. दोघांनी मागून ढकलली तर गाडी जोरात जाते. एकाने मागून आणि दुसऱ्याने पुढून ढकलली तर गाडी जागची हलत नाही. तसेच, ज्या गाठीत पाणी आणि चरबी बारीक बारीक मिसळलेली आहेत, तिथे दुसऱ्या फोटोत दोन्ही संकेत एकमेकांना खोडतात आणि गाठ काळी पडते. काळी पडली म्हणजे आत चरबी आहे, म्हणजे बहुधा साधा अ‍ॅडिनोमा. फुप्फुसातून किंवा स्तनातून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीत अशी चरबी सहसा नसते, ती दोन्ही फोटोंत सारखीच दिसते. या पद्धतीला केमिकल शिफ्ट म्हणतात. अ‍ॅड्रिनलसाठी ती १९९० च्या दशकापासून वापरात आहे.

यासाठी शिरेतून औषध द्यावे लागत नाही. नुसत्या गाठीतली चरबी बघायची असेल तर औषधाचा वेगळा खर्च कशासाठी, हे विचारायला संकोच करू नका. काही रुग्णांत डॉक्टरांना औषधाची खरोखर गरज वाटते, तेव्हा ते कारण सांगतील. किडनीचा त्रास असेल तर हे आवर्जून विचारा.

आता मर्यादा. काही साध्या अ‍ॅडिनोमांत चरबी कमी असते, ते काळे पडत नाहीत आणि उगाच संशय येतो. उलट, किडनीचा एक प्रकारचा कॅन्सर आणि लिव्हरचा कॅन्सर पसरून इथे आला तर त्यात बारीक चरबी असू शकते आणि तो काळा पडू शकतो. अ‍ॅड्रिनलिन सोडणारी गाठ एका प्रकारच्या फोटोत दिव्यासारखी लख्ख दिसते असे शिकवतात, पण सगळ्या तशा दिसत नाहीत. सीटीतला आकडा ३० च्या वर असेल तर केमिकल शिफ्टचा उपयोगही कमी होत जातो. म्हणून नुसत्या एमआरआयवर "काही नाही" किंवा "कॅन्सर आहे" असा निकाल लावणे बरोबर नाही.

एमआरआय खरोखर कामाला येतो तो ठरावीक ठिकाणी. बाई गरोदर असेल, रुग्ण लहान मूल किंवा तरुण असेल, सीटीच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, किंवा सीटीचा आकडा मधल्या घरात अडकला असेल तेव्हा. अशा रुग्णाला डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला तर टाळू नका. तपासणी न करता बसणे हाही तोट्याचाच सौदा आहे.

मशीनच्या खोलीत जाताना नातेवाइकांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. ते चुंबक चोवीस तास चालू असते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक चुंबकाकडे ओढला जाऊन मरण पावला. सिलिंडर, स्ट्रेचर, व्हीलचेअर कुणी सांगितले तरी आत नेऊ नका. ब्लाउजची सेफ्टी पिन, केसांच्या पिना, मोबाइल, साखळी सगळे बाहेर ठेवा. पेसमेकर असेल, अंगात रॉड किंवा क्लिप असेल तर आधी सांगा. वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही सांगा. फोटो काढताना पंधरा-वीस सेकंद श्वास धरायला लावतात. श्वास सुटला तर फोटो हलतो, म्हणून घरीच थोडा सराव करून जा.

जे चित्रात दिसत नाही

आमच्या भागातल्या एका ताईंना मुतखड्याच्या सीटीत अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. घरचे एमआरआयच्या पैशांची जुळवाजुळव करत होते. रिपोर्टवर आकडा लिहून घेतला तर तो ६ आला. एमआरआयचा प्रश्नच मिटला. पण ताई बीपीच्या तीन गोळ्या घेत होत्या आणि तरी बीपी खाली येत नव्हते. पायात गोळे यायचे. पोटॅशियम कुणी कधी तपासलेच नव्हते. ते कमी निघाले आणि पुढे अल्डोस्टेरॉन जास्त असल्याचे कळले. त्यावरची वेगळी गोळी सुरू झाल्यावर बीपी आटोक्यात आले. गाठ चित्रात अगदी साधी होती, पण ती शरीराचे नुकसान करत होती. एमआरआय काढला असता तर तोही "साधी गाठ" एवढेच सांगून मोकळा झाला असता.

म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा. गाठ सापडलेल्या जवळजवळ प्रत्येकाची कॉर्टिसोलची तपासणी व्हायला हवी. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचे. गोळीमुळे कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली यायला हवे. तसे आले नाही तर गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसोल सोडत असू शकते. शुगर, बीपी, हाडे ठिसूळ होणे यांचे मूळ तिथे असू शकते. माला-डी किंवा माला-एन यांसारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा निकाल चुकतो, म्हणून आधी सांगा. सांधेदुखीच्या पुड्या, ताकदीच्या म्हणून दिलेल्या गोळ्या, वारंवार घेतलेली इंजेक्शने यांत स्टिरॉइड असू शकते, तेही सांगा. पण अशी औषधे एकदम बंदही करू नका.

बीपी असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची तपासणी. इथे तर चित्र सरळ फसवूही शकते. गाठ डावीकडे दिसते आणि जास्तीचे हार्मोन उजवीकडून येत असते, असेही घडते. म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी बहुतेक रुग्णांत दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन बघावे लागते.

तिसरी तपासणी मेटानेफ्रिनची, रक्ताची किंवा चोवीस तासांच्या लघवीची. सीटीचा आकडा १० च्या वर असेल तर ती चुकवू नये. मध्येच डोके फुटेल असे दुखणे, दरदरून घाम, छातीत धडधड आणि बीपी एकदम चढणे ही अ‍ॅड्रिनलिन सोडणाऱ्या गाठीची लक्षणे आहेत. ही तपासणी होण्याआधी गाठीत सुई घालून तुकडा काढायला होकार देऊ नका. अशा गाठीला सुई लागली तर बीपी जिवावर बेतेल इतके चढू शकते. ऑपरेशनच्या आधीही आठवडा-दोन आठवडे खास औषधे द्यावी लागतात.

आपल्याकडचा जुना शत्रू टीबी

दोन्ही बाजूंच्या ग्रंथी मोठ्या झालेल्या असतील तर आपल्या देशात टीबीचा विचार करायलाच हवा. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी झाल्याने होणारा आजार लिहून ठेवला. त्यांच्या काळी त्याचे मोठे कारण टीबीच होते. भूक न लागणे, वजन उतरणे, उभे राहिले की चक्कर, खारट खावेसे वाटणे, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडणे ही त्याची लक्षणे. वस्तीत हे सगळे "अशक्तपणा" या एका शब्दात गुंडाळले जाते आणि सलाइन लावून घरी पाठवले जाते.

टीबीची गाठ आणि कॅन्सरची गाठ यांतला फरक एमआरआय खात्रीने सांगू शकत नाही. इथेही सकाळच्या रक्तातले कॉर्टिसोल आधी तपासावे लागते. ते कमी असेल तर ताबडतोब औषध लागते. टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन शरीरातले कॉर्टिसोल लवकर संपवते, म्हणून त्या औषधाचा डोस डॉक्टरांना त्या हिशेबाने द्यावा लागतो. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर रुग्ण जास्तच खचू लागला तर गोळ्या न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांना काय विचाराल?

केसपेपरच्या मागे हे प्रश्न लिहून न्या.

१. गाठ किती सेंटिमीटरची आहे, एका बाजूला की दोन्ही बाजूंना?
२. साध्या सीटीतला एचयू आकडा किती आहे? गाठ एकसारखी आहे का?
३. कॉर्टिसोल, पोटॅशियम, अल्डोस्टेरॉन-रेनिन, मेटानेफ्रिन यांतल्या माझ्यासाठी कोणत्या तपासण्या हव्यात?
४. एमआरआयने माझ्या उपचारात काय बदल होईल?
५. एमआरआय हवाच असेल तर केमिकल शिफ्ट फोटो काढणार ना? शिरेतून औषधाची गरज आहे का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचे नीट उत्तर मिळाले तर खुशाल एमआरआय करा. उत्तर मिळाले नाही तर मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या हार्मोनच्या विभागात, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीच्या ओपीडीत दुसरे मत घ्या. जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत देऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच असेल तर तो मोठा दिलासा असतो.

मागणी कशाची करायची?

रुग्णालयात नवे मशीन आले की फीत कापली जाते आणि पेपरात फोटो येतो. मेटानेफ्रिनच्या तपासणीची सोय झाली म्हणून कुणी फीत कापत नाही. माझ्या अनुभवात या हार्मोनच्या तपासण्या बहुतेक वेळा बाहेरच्या लॅबमधून करून आणायला सांगतात आणि गरीब माणूस तिथेच थांबतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभही मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचाराला मिळतो. निदान मात्र दाखल होण्याआधी, ओपीडीतच करायचे असते. म्हणजे खिशाला कात्री लागते ती नेमकी योजनेच्या दाराबाहेर.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा आणि तपासण्यांची सवलत मागा. पण एकेकट्याने हात पसरण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागणी करणे जास्त बरे. नगरसेवक, आमदार किंवा आरोग्य अधिकारी वस्तीत येतील तेव्हा नुसते "एमआरआय मशीन द्या" म्हणू नका. स्कॅनच्या रिपोर्टवर गाठीचा आकडा लिहिणे सक्तीचे करा, हार्मोनच्या तपासण्या सरकारी लॅबमध्ये मोफत करा आणि ओपीडीतल्या तपासण्या योजनेत आणा, असे लेखी द्या. निवेदनावर विहारातल्या बैठकीत सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

तोवर घरातले एक काम आजच करा. चाळिशीच्या आत बीपी लागलेले, किंवा तीन गोळ्या घेऊनही बीपी खाली न येणारे कुणी घरात असेल, तर त्याचे पोटॅशियम तपासून घ्या आणि अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनबद्दल डॉक्टरांना विचारा. गाठ दिसायची वाट बघू नका.